नाणेघाटातील राजकुळ: नागनिकेच्या प्रतिमापटाची कुळकथा

नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राजघराण्याच्या प्रतिमा कोरल्या गेल्या, त्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास. टोकावड्याहून माळशेजच्या रस्त्याने पुढे गेले की वैशाखऱ्याजवळ ही घाटवाट फुटते. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला चढे. लेण्याच्या मागच्या भिंतीवर आता पायांच्या खुणा आणि त्यांवरची ब्राह्मी नावे एवढेच उरले आहे: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन.

बाजूच्या दोन्ही भिंतींवर या नायनिकेचा, म्हणजे नागनिकेचा, लांबलचक प्राकृत लेख आहे. अश्वमेध, राजसूय आदी यज्ञ आणि त्यांची दक्षिणा त्यात नोंदली आहे. कुठे 10,001 गायी, कुठे 24,400 कार्षापणे, म्हणजे त्या काळची नाणी. हे आकडे अंकांत कोरलेले असल्याने भारतीय अंकलिपीच्या अभ्यासात लेखाला फार मोल आहे. राणीविषयीचे शब्द मात्र मोजके. ती अंगिय कुळातल्या महारठीची, म्हणजे प्रादेशिक सरदाराची, कन्या, सातकर्णीची पत्नी, वेदिसिरि आणि सति सिरिमंत यांची माता. महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीचे जिणे जगणारी.

1828 मध्ये कर्नल साइक्स यांनी हे लेणे अभ्यासकांच्या नजरेस आणले. पुढे भगवानलाल इंद्रजींनी लेख वाचले आणि 1883 मध्ये ब्यूलर यांनी ते पुन्हा संपादित केले. व्रतस्थ राणीचे वर्णन वैधव्याचे आहे आणि वेदिसिरि लहान असताना तिनेच राज्य सांभाळले, हा निष्कर्ष या वाचनातून निघाला. लेखात राज्यकारभाराचा थेट उल्लेख नाही. तरीही हा निष्कर्ष पटतो, आणि त्याला प्रतिमांच्या रांगेतूनही काही आधार मिळतो. सातवाहनांच्या कुळात महारठी उभा होता. त्रणकयिर हा नागनिकेचा पिता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अल्पवयीन राजपुत्राच्या आईला माहेरच्या महारठींचे बळ हवे असावे आणि ते घाट चढणाऱ्या प्रत्येकाला दिसावे, अशा जागी तिने कोरवून घेतले असावे.

राज्य सांभाळणाऱ्या राणीने माहेरचे बळ असे पुढे केल्याचे उदाहरण नंतरही दिसते. विदर्भात वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने युवराज दिवाकरसेनासाठी राज्य चालवले. नंदिवर्धनाहून दिलेल्या आणि पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटात आरंभीची वंशावळ वाकाटकांची नसून माहेरच्या गुप्तांची आहे. पिता दुसरा चंद्रगुप्त याचे नाव आधी येते, पती रुद्रसेनाचे त्यानंतर.