जुनिपर : थंड डोंगरातून मावळच्या बागेत



कान्हे, कामशेत, वडगाव भागात बंगल्यांच्या आवारात जुनिपरची झुडपे आता पुष्कळ दिसतात. रोपवाटिकेतून हौसेने रोप आणायचे आणि पहिला पावसाळा सरला की ते तांबूस होऊन वाळायचे, ही तक्रार नेहमीची आहे. "साहेब, औषध कोणतं मारू?" असे विचारतात. औषधाआधी या झाडाचा इतिहास ऐका. उत्तर त्यातच आहे.

जुनिपर हे सूचिपर्णी वर्गातले झाड. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत या वर्गातले झाड रानात आपोआप उगवत नाही. आपले रान ऐन, हिरडा, जांभूळ यांचे. जुनिपरचे घर थंड मुलखात. हिमालयात त्याच्या अनेक जाती आहेत. एका जातीची फळे आयुर्वेदात हपुषा या नावाने फार पूर्वीपासून औषधात आहेत. लडाखचे बौद्ध लोक जुनिपरचा पाला धूप म्हणून जाळतात. तिबेटात तर एक जात सुमारे ४,९०० मीटर उंचीवर वाढते. जमीन खडकाळ, उताराची. पाणी पडले तरी मुळाशी थांबत नाही.

आपल्या बागेत बहुधा येतो तो चिनी जुनिपर. चीन-जपानकडचे हे झाड. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७६७ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. मुले वहीत 'विद्या' म्हणून जिचे पान ठेवतात ती मोरपंखी याच्याच नात्यातली, आणि तीही मूळची परदेशचीच.

आपल्या बाजूला शोभेच्या बागांचा शौक वाढला तो आगगाडीबरोबर. १८५८ साली पुणे-खंडाळा गाडी सुरू झाली, १८६३ साली बोरघाटाचा मार्ग खुला झाला. मुंबईची मंडळी हवा पालटायला लोणावळा-खंडाळ्याला येऊ लागली. बंगले उठले, बागा आल्या. पुण्यात १८७३ साली गणेशखिंडीची वनस्पती बाग उभी राहिली.

पण मावळच्या शेतकऱ्याचा हात बसला आहे भातावर. बांध घालायचा, पाणी अडवायचे, चिखलणी करायची, हे आपले पिढीजात कसब. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी भात याच खाचरात पिकतो. जुनिपरला मात्र नेमके याच्या उलट हवे. पावसाने तो मरत नाही. साचलेल्या पाण्यात मुळे कुजून मरतो. मुळे कुजल्यावर फवारा मारून काय उपयोग?

म्हणून एवढे करावे :

• खाचर किंवा सखल जागा टाळावी. वरकस, मुरमाड, उताराची आणि दिवसभर उन्हाची जागा निवडावी.

• सपाट जागी एक फूट उंच गादी करावी. दोन पाट्या लाल माती, एक पाटी बारीक मुरूम व एक पाटी चांगले कुजलेले शेणखत मिसळावे.

• लागण पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. पुढच्या पावसापर्यंत मुळे धरतात.

• वरची दोन इंच माती सुकल्यावरच पाणी द्यावे. जून लागताच भोवती चर काढावा.

• छाटणी हिरव्या भागातच करावी. पाने नसलेल्या जुन्या लाकडावर पुन्हा फूट येत नाही, बरं का!

• उन्हाळ्यात फांदी पांढऱ्या कागदावर झटकून पाहावी. बारीक ठिपके चालताना दिसले तर ती कोळी आहे. पाण्याच्या जोरदार धारेने झुडूप धुवावे.

• छाटलेला पाला गुरांपुढे टाकू नये. गाभण जनावराला तो अपायकारक ठरू शकतो.

रोप महाग मिळते, आणि गेले की वर्ष वाया जाते. तेव्हा नवे झाड आणताना आधी त्याचे गाव विचारावे. तिथे त्याला जे मिळत होते, तेच इथे द्यावे. मग मावळचा पाऊसही त्याला सोसवेल.