ब्राउझरमधील एआय कोडिंग

संगणकावर काहीही इन्स्टॉल न करता, ब्राउझरमध्ये साध्या भाषेत सूचना देऊन अ‍ॅप तयार करण्याची पद्धत. लँग्वेज मॉडेल कोड लिहिते. तो बहुधा दूरच्या सर्व्हरवर चालतो. २०१६ साली स्थापन झालेल्या रेप्लिट या कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये असे अ‍ॅप बनवणारा ‘एजंट’ आणला; पुढच्याच महिन्यात बोल्ट हे तशाच प्रकारचे साधन आले. एआय संशोधक आंद्रेई कारपाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये या शैलीला ‘व्हाइब कोडिंग’ हे नाव दिले.

मोठे आयटी केंद्र नसलेल्या वाशिमसारख्या जिल्ह्याला ही पद्धत सोयीची आहे. भारी लॅपटॉप लागत नाही, सूचना मराठीतही देता येतात. तिथल्या रिसोडच्या एखाद्या बचत गटाचा हिशेब किंवा मानोऱ्याच्या शेतकऱ्याची सोयाबीनची खर्चवही, अशा किरकोळ कामासाठी सॉफ्टवेअर कंपनी कशाला येईल? इंटरनेट गेले की मात्र काम अडते.

चालणारे अ‍ॅप सुरक्षित असतेच असे नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिटच्या एजंटने स्पष्ट मनाई असतानाही एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला होता. म्हणून गटाच्या सभासदांचे आधार वा बँक तपशील अशा अ‍ॅपमध्ये भरण्याआधी त्याचा कोड जाणकाराकडून तपासून घ्यावा.