३६ जागांचे दार : लंडन २०१२ आणि महिला बॉक्सिंगची पात्रता

१/ मे २०१२. चीनमधील छिनहुआंगदाव या बंदराच्या शहरात जागतिक महिला बॉक्सिंग स्पर्धा सुरू होती. पाच वेळा विश्वविजेती ठरलेली मेरी कोम उपांत्यपूर्व फेरीत पराभूत झाली आणि तिचे ऑलिम्पिकचे स्वप्न तिच्या हाती उरले नाही. ते गेले तिला हरवणाऱ्या इंग्लंडच्या निकोला ॲडम्सच्या हाती. ॲडम्स उपांत्य लढत जिंकली तर मेरी लंडनला जाणार होती. हरली तर प्रवास तिथेच संपणार होता. हा विचित्र हिशोब कसा निर्माण झाला, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

२/ आधुनिक ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंगचा प्रवेश १९०४ साली सेंट लुइस येथे झाला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये मात्र हा खेळ नव्हता, कारण स्वीडनच्या कायद्याने त्यावर बंदी होती. १९२० पासून पुढे प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंगचे रिंगण सजले. पण २००८ च्या बीजिंगपर्यंत त्या रिंगणात एकाही स्त्रीला पदकासाठी उतरता आले नाही. शतकभर हा खेळ केवळ पुरुषांचा राहिला.

३/ स्त्रिया ठोसे मारण्यास असमर्थ होत्या म्हणून असे घडले नाही. अडथळा नियमपुस्तकाचा होता. हौशी बॉक्सिंगमध्ये अधिकृत लढत म्हणजे संघटनेने मान्य केलेली लढत. मान्यता नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर स्पर्धा नाही, आणि स्पर्धा नाही तर ‘या खेळात स्त्रिया आहेतच कुठे?’ असे विचारायला संघटना मोकळी. हे दुष्टचक्र मोडण्याची सुरुवात स्वीडनने केली. एकेकाळी बॉक्सिंगच नाकारणाऱ्या या देशाच्या हौशी संघटनेने १९८८ मध्ये महिलांच्या लढतींना मान्यता दिली.

४/ अमेरिकेत हे काम एका १६ वर्षांच्या मुलीने केले. वॉशिंग्टन राज्यातील डॅलस मॅलॉय हिला हौशी बॉक्सिंग संघटनेने केवळ मुलगी म्हणून नोंदणी नाकारली. ती थेट न्यायालयात गेली. १९९३ मध्ये संघीय न्यायालयाने तिच्या बाजूने आदेश दिला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ती अधिकृत लढतीत उतरली व जिंकली. एका शाळकरी वयाच्या मुलीच्या दाव्याने संपूर्ण देशातील मुलींना रिंगणाचे दार उघडले.

५/ १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंग संघटनेनेही बंदी उठवली. इंग्लंडच्या हौशी संघटनेने १९९६ मध्ये तोच निर्णय घेतला. तरी पूर्वग्रह सहज मावळले नाहीत. १९९८ मध्ये ब्रिटनमधील जेन काऊच या व्यावसायिक खेळाडूला परवान्यासाठी न्यायाधिकरणात दाद मागावी लागली. मासिक पाळीमुळे स्त्रियांचे मन अस्थिर होते, असा युक्तिवाद तेथे नियामक मंडळाच्या वतीने करण्यात आला. न्यायाधिकरणाने तो फेटाळला.

६/ लीड्स शहरातील निकोला ॲडम्स आपली पहिली लढत खेळली तेव्हा ती अवघी १३ वर्षांची होती. ती जिंकली. पण दुसऱ्या लढतीसाठी तिला चार वर्षे थांबावे लागले, कारण तिच्यासमोर उभी राहील अशी प्रतिस्पर्धीच सापडत नव्हती. नियम बदलले म्हणून खेळाडू एका रात्रीत निर्माण होत नाहीत. बंदीचा खरा परिणाम ती उठल्यानंतरही अनेक वर्षे जाणवत राहतो.

७/ आयर्लंडमधील ब्रे गावच्या केटी टेलरची कथा याच वळणाची आहे. लहानपणी ती मुलांच्या गर्दीत, डोक्यावरील संरक्षक टोपाआड ओळख लपवून खेळली. २००१ मध्ये डब्लिन येथे आयर्लंडमधील महिलांची पहिली अधिकृत लढत झाली, तेव्हा रिंगणात १५ वर्षांची केटी होती. पुढे तिने सलग जागतिक विजेतेपदे मिळवली आणि तिचे कौशल्य हाच महिला बॉक्सिंगच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद ठरला.

८/ आता मणिपूर. चुराचांदपूर जिल्ह्यातील कांगाथेई या गावी, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या कोम जमातीच्या कुटुंबात मेरी वाढली. १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडा स्पर्धेत मणिपूरच्याच डिंको सिंगने सुवर्णपदक जिंकले आणि त्या राज्यातील असंख्य मुलामुलींप्रमाणे मेरीही बॉक्सिंगकडे ओढली गेली. घरी तिने हे सांगितलेच नव्हते. २००० मध्ये ती राज्य स्पर्धा जिंकली आणि वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आले, तेव्हा वडिलांना लेकीचा खेळ कळला.

९/ २००१ मध्ये अमेरिकेतील स्क्रँटन येथे पहिली जागतिक महिला स्पर्धा झाली. मेरीने तेथे रौप्यपदक मिळवले. त्यानंतर २००२, २००५, २००६, २००८ आणि २०१० अशी पाच जागतिक सुवर्णपदके तिने पटकावली. मधल्या काळात, २००७ मध्ये, ती जुळ्या मुलांची आई झाली. एवढे सारे होऊनही ऑलिम्पिकच्या लेखी तिचा खेळ अस्तित्वातच नव्हता. २००५ मध्ये महिला बॉक्सिंगचा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने फेटाळला होता. परिणामी बीजिंगचे दार बंदच राहिले.

१०/ निर्णायक दिवस उजाडला तो १३ ऑगस्ट २००९ रोजी. बर्लिन येथील बैठकीत ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने लंडनसाठी महिला बॉक्सिंगला मान्यता दिली. या निर्णयामुळे लंडन हे असे पहिले ऑलिम्पिक ठरले, ज्याच्या प्रत्येक खेळात स्त्रियांना स्थान होते.

११/ परंतु दार उघडले ते किलकिलेच. जागतिक स्पर्धेत महिलांचे १० वजनगट होते. ऑलिम्पिकने स्वीकारले केवळ तीन : ५१, ६० आणि ७५ किलो. प्रत्येक गटात १२ खेळाडू, म्हणजे साऱ्या जगासाठी ३६ जागा. त्याच वेळी पुरुषांसाठी १० वजनगट आणि २५० जागा होत्या. महिलांना सामावून घेताना खेळाडूंची एकूण संख्या वाढू नये, म्हणून पुरुषांचा एक वजनगट कमी करण्यात आला.

१२/ वजनगट हा बॉक्सिंगचा प्राण आहे. दोन-तीन किलोंचा फरक वाचताना क्षुल्लक वाटतो. रिंगणात तो प्रतिस्पर्ध्याची उंची, हातांची लांबी आणि ठोशाचा भार बनून समोर येतो. मेरीची हुकमत होती ४८ किलो गटात. हा गटच ऑलिम्पिकमध्ये नव्हता. तिला ५१ किलोत चढावे लागले आणि तिथे निसर्गतः अधिक वजनाच्या, तयारीसाठी वजन उतरवून आलेल्या उंच खेळाडूंशी गाठ होती. २०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत याच गटात चीनच्या रेन चानचानने तिला उपांत्य फेरीत रोखले. मेरीच्या वाट्याला कांस्यपदक आले.

१३/ या नव्या गटासाठी स्वतःला घडवण्याच्या कामाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात ब्रिटिश प्रशिक्षक चार्ल्स ॲटकिन्सन यांच्या देखरेखीखाली मेरीने कसून सराव केला. उंच आणि अधिक वजनाच्या प्रतिस्पर्ध्यांची सवय व्हावी, म्हणून ती मुलांविरुद्ध खेळे. मार्च २०१२ मध्ये मंगोलियात झालेल्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत तिने त्याच रेन चानचानला हरवले. ५१ किलो गटातही आपण अव्वल ठरू शकतो, याचा तो पुरावा होता.

१४/ मात्र आशियाई विजेतेपदाला पात्रतेच्या हिशोबात किंमत शून्य. पुरुषांना २०११ ची बाकू येथील जागतिक स्पर्धा आणि त्यानंतर खंडनिहाय पात्रता स्पर्धा अशा एकाहून अधिक संधी होत्या. एकीकडे अपयश आले, तर दुसरीकडे भरपाई करता येई. महिलांसाठी पात्रतेची स्पर्धा एकच होती : मे २०१२ ची छिनहुआंगदाव येथील जागतिक स्पर्धा. दशकभराची मेहनत एका आठवड्याच्या निकालावर तोलली जाणार होती.

१५/ त्यातही प्रत्येक खंडासाठी जागांची वाटणी ठरलेली होती. खंडातील खेळाडूंची क्रमवारी लावताना एकाच फेरीत हरलेल्या अनेक जणी समोर आल्या, तर त्यांना हरवणारी खेळाडू पुढे कुठवर गेली हे निर्णायक ठरे. जिला विजेतीने हरवले, तिचा पराभव जणू कमी वजनाचा. म्हणून थोडक्या गुणांनी ॲडम्सकडून हरलेली मेरी आता ॲडम्सच्याच विजयाची वाट पाहत होती. उपांत्य फेरीत ॲडम्सने रशियाच्या येलेना सावेल्येवाला हरवले आणि मेरीचे लंडनचे तिकीट निश्चित झाले. लंडनला गेलेल्या भारताच्या आठ बॉक्सरांमध्ये ती एकटी स्त्री होती.

१६/ हा नियम केवळ मेरीच्याच पथ्यावर पडला असे नव्हे. अमेरिकेतील फ्लिंट या उद्योग ओसरलेल्या शहरातून आलेली क्लॅरेसा शील्ड्स तेव्हा १७ वर्षांची होती. ऑलिम्पिकसाठी लागणारे किमान वय तिने जेमतेम गाठले होते. ७५ किलो गटात इंग्लंडच्या सव्हाना मार्शलने तिला दुसऱ्याच फेरीत हरवले. पण मार्शल पुढे जात राहिली, विश्वविजेती झाली आणि त्याच आधारावर शील्ड्सची जागा पक्की झाली. शील्ड्सच्या हौशी कारकिर्दीतील तो एकमेव पराभव.

१७/ ५ ऑगस्ट २०१२. लंडनमधील एक्सेल सभागृहात ऑलिम्पिकच्या इतिहासातील महिलांची पहिली लढत झाली. सावेल्येवाने उत्तर कोरियाच्या किम ह्ये-सोंगला हरवले. त्याच दिवशी मेरीने पोलंडच्या उंचपुऱ्या, माजी विश्वविजेत्या कॅरोलिना मिखाल्चुकवर १९-१४ असा विजय मिळवला. त्या दिवशी तिच्या जुळ्या मुलांचा पाचवा वाढदिवस होता. पुढच्या लढतीत ट्युनिशियाच्या मारुआ रहालीला तिने १५-६ असे नमवले आणि पदक निश्चित केले.

१८/ उपांत्य फेरीत समोर पुन्हा ॲडम्स. छिनहुआंगदावमध्ये जिच्या विजयाने लंडनचे दार उघडले, तिनेच लंडनमध्ये सुवर्णाची वाट अडवली. ११-६ असा निकाल लागला आणि मेरीला कांस्यपदक मिळाले. दुसऱ्या दिवशी ॲडम्सने अंतिम फेरीत रेन चानचानवर १६-७ अशी मात केली. २०१० आणि २०१२ च्या जागतिक अंतिम लढतींत रेननेच तिला हरवले होते. चार वर्षे प्रतिस्पर्धी शोधणारी मुलगी महिला बॉक्सिंगची पहिली ऑलिम्पिक विजेती ठरली.

१९/ ६० किलो गटात केटी टेलरने रशियाच्या सोफिया ओचिगावाला १०-८ असे हरवले. ७५ किलोत १७ वर्षांची शील्ड्स सुवर्ण घेऊन परतली. विश्वविजेती मार्शल मात्र आपली पहिलीच लढत हरली. छिनहुआंगदावची विजेती रिकाम्या हाती आणि तिने हरवलेली खेळाडू सुवर्णपदकासह, असा तो उलटा न्याय. या दोघींचा हिशोब पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये, लंडनमध्येच, व्यावसायिक रिंगणात पूर्ण झाला. शील्ड्स जिंकली.

२०/ जिंकलेल्यांची नावे इतिहासात राहतात. पण तीन गटांच्या या चौकटीने सात वजनगटांतील खेळाडूंना ‘शरीर बदला किंवा ऑलिम्पिक विसरा’ असे बजावले, हेही याच इतिहासाचे पान आहे. रिओ २०१६ मध्येही तीनच गट होते. त्या वेळी मेरी जागतिक स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत हरली; या खेपेस कोणाच्याही विजयाने तिला तारले नाही आणि ती रिओला गेली नाही. टोकियोत महिलांचे गट पाच झाले, पॅरिसमध्ये सहा. पॅरिस २०२४ मध्ये बॉक्सिंगच्या रिंगणात प्रथमच स्त्री-पुरुषांच्या जागा समसमान होत्या : १२४ आणि १२४.

२१/ पात्रतेचे नियम कोरड्या तक्त्यासारखे दिसतात : इतके खंड, इतक्या जागा, इतके किलो. प्रत्यक्षात कोणाचे श्रम मोजले जातील आणि कोणाचे नाहीत, हे तेथेच ठरते. ३६ पासून १२४ पर्यंतचे अंतर १२ वर्षांत कापले गेले. त्याआधी पहिली जागा मिळवण्यासाठी मात्र १९०४ पासून २०१२ पर्यंत थांबावे लागले होते. लंडनच्या रिंगणात उतरलेल्या त्या ३६ जणींच्या मागे, कधीच न मोजल्या गेलेल्या शंभर वर्षांच्या खेळाडू उभ्या होत्या.