अस्सल आणि नक्कल : गिटारच्या आवाजाचा एक इतिहास

धुळ्यात इतिहासावर बोलावयाचे म्हणजे राजवाड्यांचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही. इतिहासाचार्यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी ह्याच गावी देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. जुना कागद हाती आला की पहिला प्रश्न हा, की तो अस्सल की नक्कल; आणि नक्कल असेल तर कशाची, कोणत्या वेळची, कोणत्या हातची? श्रोतेहो, हाच प्रश्न आज मी एका अगदी निराळ्या वस्तूला विचारणार आहे. ती वस्तू म्हणजे ‘मॉडेलर’ नावाची पेटी. (पेटी म्हणजे बाजाची नव्हे.) जळगाव-धुळ्याकडची हौशी मुले विजेची गिटार हिला जोडतात, ती आकडेमोड करून नामांकित ध्वनिवर्धकांचे आवाज काढते, आणि आठ दिवसांत कुरकुर सुरू होते : आवाज खोटा वाटतो, याहून महाग पेटी हवी. माझ्या मते दोष पेटीत क्वचितच असतो. नक्कल कशाची आहे हे न पाहताच ती वाचली जाते.

विजेच्या गिटारीचा आवाज तारेत निम्माच असतो. उरलेला ध्वनिवर्धकात घडतो. व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीबाहेर राबविले म्हणजे ध्वनिलहरींचे माथे चेपले जातात आणि मूळ सुरात नव्हते असे वरचे स्वर उमटतात. यंत्रज्ञांच्या लेखी हा दोष. वादकांनी त्याचाच गुण केला. १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल ह्या ड्रम विकणाऱ्या दुकानदाराने, अमेरिकेच्या फेंडर कंपनीचा बासमन समोर ठेवून, आपल्या माणसांकडून पहिला ध्वनिवर्धक करविला. बासमनमध्ये दहा इंची चार लाउडस्पीकर, मागून उघड्या खोक्यात. मार्शलकडे लौकरच बारा इंची चार बसले, तेही बंद खोक्यात. विजेची रचना जवळजवळ तीच, आवाज मात्र निराळा. म्हणजे ज्याला आज सारे अस्सल म्हणून पूजतात तो स्वतःच नक्कल होता, आणि पाठभेदांनीच थोर झाला. पोथ्या चाळणाऱ्यांना ह्यात नवल वाटावयाचे नाही.

पुढे १९९६ साली लाइन सिक्स कंपनीने ॲक्सिस हा डिजिटल नकला करणारा ध्वनिवर्धक आणला आणि १९९८ साली पॉड ही घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची तांबडी पेटी. २०११ मध्ये केंपर ह्या जर्मन पेटीने वेगळी युक्ती केली : खऱ्या ध्वनिवर्धकात ठरावीक आवाज सोडावयाचे आणि तो काय उत्तर देतो ते टिपून घ्यावयाचे.

पण टिपावयाचे कशाने? मायक्रोफोनने. सारी मेख येथे आहे. ही पेटी बहुधा खोलीत उभ्या असलेल्या ध्वनिवर्धकाची नक्कल करीत नाही. लाउडस्पीकरसमोर चार बोटांवर मायक्रोफोन ठेवून घेतलेल्या ध्वनिमुद्रणाची करते. ज्याने खरा मार्शल छातीवर झेलला आहे त्याला ती किरटी वाटणारच. आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी तो आवाज कॅसेटवर नाही तर मोबाइलवरच ऐकलेला. त्यांना जे ठाऊक आहे तेच पेटी देते. हा त्यांचा तोटा नव्हे, फायदा आहे.

मग बिघडते कोठे? बहुतेक वेळा लाउडस्पीकरच्या नकलेत. गिटारचा लाउडस्पीकर सेकंदाला पाचेक हजार कंपनांच्या वरचे फारसे काही ऐकवीत नाही. ही गाळणी निघाली की उरते ती गांधीलमाश्यांची गुणगुण. म्हणून हेडफोनला किंवा मंडपातल्या साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडताना ही नक्कल चालू हवी. गिटारच्याच ध्वनिवर्धकाला जोडताना बंद. दोन्ही राहिल्या तर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. बटणे पिळण्याआधी पेटीतल्या मायक्रोफोनची जागा हलवून पाहावी : पडद्याच्या मध्यावर धार, कडेकडे मऊपणा. एक इंचाने जे साधते ते बटणांनी साधत नाही. आणि आत येणारा आवाज बेताचा असावा. व्हॉल्व्ह उतू गेला तर गोड लागतो. आकडे उतू गेले की नुसते कर्कश.

दुसरी गोष्ट कानाची. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन ह्या अमेरिकन संशोधकांनी दाखविले, की आवाज मंद असला म्हणजे कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो, आणि अगदी वरचे स्वरही कमीच. घरचे झोपल्यावर हळू आवाजात जुळविलेली गिटार लग्नाच्या मंडपात गुरगुरते ती यामुळे. रात्री कमी वाटलेला खर्ज मुलाने वाढवून ठेवलेला असतो. जेवढ्या मोठ्याने वाजवावयाचे तेवढ्याच मोठ्याने जुळवावे. घरात ते शक्य नसते, तेव्हा कार्यक्रमाआधी साउंडवाल्याकडून दहा मिनिटे मागून घ्यावीत. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला ८२ कंपने करते. त्याखालचे सारे बेधडक छाटावे. ती ढोलाची जागा आहे.