कर्कपेशीची कोंडी : दोन औषधांची कुळकथा

एखादा अन्नघटक रोगट पेशींना मिळूच द्यायचा नाही, या विचारातून ल्युकेमियावरील, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावरील, दोन महत्त्वाची औषधे आली असून त्यांपैकी पहिल्याचे मूळ मुंबईच्या गिरणगावात सापडते. १९२८ साली मुंबईत आलेल्या ब्रिटिश संशोधक ल्यूसी विल्स यांनी कापडगिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला, त्याचे कारण निकृष्ट आहारात असल्याचे ओळखले आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले; नवा डीएनए घडवण्यासाठी ते प्रत्येक पेशीला लागते, आणि बेसुमार वाढणाऱ्या कर्कपेशीला तर अधिकच. म्हणूनच बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने लेडर्ली प्रयोगशाळेत तयार केलेले फॉलिक आम्लाचे विरोधी द्रव्य, अमिनोप्टेरिन, ल्युकेमियाच्या १६ मुलांना दिले आणि त्यांपैकी १० जणांत सुधारणा दिसल्याचे १९४८ मध्ये नोंदवले. ती सुधारणा तात्पुरती होती. परंतु त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

दुसरे औषध अमिनो आम्लांशी, म्हणजे प्रथिने ज्यांपासून बनतात त्या घटकांशी, निगडित आहे. गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांतील लसिकापेशींच्या गाठी विरघळतात, असे न्यूयॉर्कच्या जॉन किड यांनी १९५३ मध्ये दाखवले आणि जॉन ब्रूम यांनी १९६१ मध्ये त्याचे श्रेय ॲस्पॅरॅजिन हे अमिनो आम्ल तोडणाऱ्या ॲस्पॅरॅजिनेज या विकराला दिले. निरोगी पेशी ॲस्पॅरॅजिन स्वतः तयार करतात, तर लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या बहुतेक पेशींना ते पुरेसे तयार करता येत नसल्याने त्या रक्तातील साठ्यावर जगतात. १९६४ मध्ये मॅशबर्न आणि रिस्टन यांना ई. कोलाय जिवाणूतील विकरही तसाच गुणकारी असल्याचे आढळले, आणि त्यामुळे हे औषध मोठ्या प्रमाणावर बनवणे शक्य झाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८०च्या दशकात रुजलेल्या ‘एमसीपी-८४१’ या उपचारक्रमातही ते होते.

मग ॲस्पॅरॅजिन ताटातूनच काढले तर? मुंबईत असो वा एखाद्या खेड्यात, आजारी मुलाच्या घरी हा प्रश्न स्वाभाविकपणे उठतो. परंतु शरीर ॲस्पार्टिक आम्लापासून ॲस्पॅरॅजिन सतत घडवत असल्यामुळे केवळ पथ्याने रक्तातील त्याचा साठा औषधाइतका आटत नाही, आणि प्रथिने कमी केल्यास उपचारांनी आधीच थकलेले मूल अधिक अशक्त होते. २०१८ मध्ये अमेरिकेतील नामा कनारेक व सहकाऱ्यांनी उलट दिशेचा पुरावा मांडला : ल्युकेमियाग्रस्त उंदरांना हिस्टिडीन हे अमिनो आम्ल अधिक दिल्यावर मेथोट्रेक्सेटचा परिणाम वाढला, कारण हिस्टिडीनचे विघटन होताना पेशीतील फॉलिक आम्लाचे क्रियाशील रूप खर्ची पडते.