ऑनलाइन वर्गात मुलाचे लक्ष: पालक आणि शिक्षक वेगवेगळे का सांगतात?

बाई सांगतात, "तो वर्गात जोडलेला असतो, पण विचारले की उत्तर नसते." आई सांगते, "तो तर रोज दोन-दोन तास मोबाइलसमोर बसलेला असतो." असे झाले की शाळेला वाटते घरचे लक्ष देत नाहीत आणि घरच्यांना वाटते शाळा हात झटकते. या ओढाताणीत बोलणी मात्र मुलाला बसतात. बहुतेक वेळा दोघांचेही म्हणणे खरे असते. मुलाला नेमके काय होते आहे हे कळण्यासाठी डॉक्टरांना ही दोन्ही म्हणणी लागतात.

अमरावती-अकोल्यात हा प्रश्न अजून का येतो?

मार्च 2020 मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती आणि अकोल्यात कोरोनाचे रुग्ण वाढले आणि पुन्हा टाळेबंदी लागली. पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर 2021 पासून उघडू लागले. म्हणजे जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल शाळेच्या बाकावर बसले, तेव्हा ते दुसरीत गेलेले होते. अशा मुलाच्या लक्षाबद्दल पुढे शंका आली आणि डॉक्टरांनी विचारले, "पहिलीत वर्गात कसे वागायचे?" तर त्याचे उत्तर शिक्षकांकडे नसते. त्या काळात त्याला रोज पाहणारे घरचेच होते.

कोणाला काय दिसते?

शिक्षकांना ऑनलाइन वर्गात एक लहानसा चौकोन दिसतो. कॅमेरा बंद असेल तर फक्त नाव दिसते. मूल कंटाळले, उठून गेले की नेटवर्क तुटले, हे त्यांना कळत नाही. मेळघाटात धारणी, चिखलदऱ्याच्या अनेक गावांत तर रेंजच नव्हती. मात्र शिक्षकांसमोर त्याच वयाची बरीच मुले असतात, त्यामुळे वयाच्या मानाने मूल मागे पडते आहे का, हे त्यांना चांगले कळते.

पालकांना मुलाची चुळबुळ, झोप, भूक, चिडचिड दिसते. पण मूल स्क्रीनकडे पाहते आहे म्हणजे ते ऐकते आहे, असे नसते. शिवाय कापूस वेचणीच्या दिवसांत घरातला एकच फोन वडिलांबरोबर वावरात गेला, तर मूल दिवसभराचा अभ्यास रात्री थकून करते. ही गोष्ट शिक्षकांपर्यंत पोहोचतच नाही.

नेहमीच्या शाळेतही पालक आणि शिक्षक यांचे मत सहसा जुळत नाही. 1987 मध्ये 119 अभ्यास एकत्र करून केलेले विश्लेषण प्रसिद्ध झाले. पूर्ण मेळ म्हणजे 1 धरला, तर पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांतील व्यक्तींच्या मतांचा मेळ सरासरी 0.28 होता.

लक्ष न लागण्याची साधी कारणे आधी पाहा

- नजर कमी असणे. मूल स्क्रीन डोळ्यांजवळ धरते का?
- कमी ऐकू येणे, किंवा कूलरच्या आवाजात फोनवरचे न समजणे.
- अपुरी झोप. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास, तर 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते.
- रक्त कमी असणे, उपाशीपोटी वर्गाला बसणे.
- वाचन-लेखनाची अडचण, घरातील ताण, जवळच्या व्यक्तीचा मृत्यू.
- वर्गच फार लांब असणे. केंद्र सरकारच्या जुलै 2020 च्या 'प्रज्ञाता' सूचनांनुसार पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांच्या दोनच तासिका सुचवल्या होत्या. नववी ते बारावीसाठी चार.

एडीएचडी कधी म्हणतात?

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता यांचा विकार. लक्षणे किमान 6 महिने टिकलेली, 12 वर्षांच्या आधी सुरू झालेली आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. त्यामुळे फक्त ऑनलाइन वर्गात लक्ष लागत नसेल, तर तेवढ्यावरून हे निदान करता येत नाही.

"गेम खेळताना तर तासभर हलत नाही," हे पालक नेहमी सांगतात. गेममध्ये क्षणाक्षणाला बक्षीस मिळते, त्यामुळे एडीएचडी असलेले मूलही त्यात रमते. एवढ्यावरून विकार नाही, असे समजू नका आणि मूल मुद्दाम करते, असेही समजू नका.

तुम्ही काय करू शकता?

1. दोन आठवडे साधी नोंद ठेवा: वेळ, विषय, किती मिनिटे टिकला, त्याआधी झोप आणि जेवण झाले होते का.
2. "आळशी आहे" असे न लिहिता "तिसऱ्या गणितानंतर उठला" असे लिहा.
3. शिक्षकांना त्याच दोन आठवड्यांची नोंद मागा. "तुमचे चूक, आमचे बरोबर" हा वाद टाळा. "कोणत्या वेळी, कोणत्या विषयात?" एवढेच विचारा.
4. दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. सगळीकडे सारखी अडचण आहे की एकाच वेळी, एकाच विषयात, हे त्यातून दिसेल.
5. मुलासमोर हा वाद घालू नका. मारल्याने लक्ष वाढत नाही, भीती वाढते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

घरी आणि शाळेत दोन्हीकडे सहा महिने त्रास असेल, मूल अभ्यासात सतत मागे पडत असेल किंवा मित्र तुटत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते आधी डोळे आणि कान तपासून घेतील. मग पालक आणि शिक्षक दोघांकडून प्रश्नावली भरून घेतील. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे इर्विन, आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय येथून सुरुवात करता येईल. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी 'टेलिमानस'चा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

मूल जगावेसे वाटत नाही असे बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर नोंदींसाठी थांबू नका; त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

उपचारांत पालकांचे प्रशिक्षण आणि वर्गातील छोटे बदल महत्त्वाचे असतात. सहा वर्षांखालील मुलांत सुरुवात त्यानेच करतात. औषध लागेल का, हे तज्ज्ञ ठरवतात. ते मनाने सुरू किंवा बंद करू नका. भेटीला जाताना तुमची वही आणि शिक्षकांची नोंद, दोन्ही बरोबर न्या. त्या एकमेकींशी जुळत नसल्या तरी चालेल.