न्याय्य व्यापार: भाव आणि खप

मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातील आदिवासी कॉफी उत्पादक आपला माल दलालाला विकत. तिथे त्याला ‘कोयोटे’ म्हणतात. भाव तोच ठरवी. या जाचातून सुटण्यासाठी १९८०च्या दशकात त्यांनी ‘उसीरी’ ही सहकारी संस्था उभारली. त्यांच्यात राहणारे डच धर्मगुरू फ्रान्स फान डेर होफ आणि नेदरलँड्समधील निको रोझेन यांच्या खटपटीतून १९८८मध्ये ‘माक्स हावेलार’ हे न्याय्य व्यापाराचे प्रमाणचिन्ह बाजारात आले.

लगेच, जुलै १९८९मध्ये, आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत मोडली आणि भाव कोसळले. कॉफीचे झाड लावल्यावर पीक हाती यायला तीन-चार वर्षे लागतात. भाव चढले की सगळे लागवड वाढवतात. पीक येते तेव्हा बाजार भरलेला असतो. झाडे उपटणे परवडत नाही, म्हणून छोटा शेतकरी तोट्यातही तोडणी करतो. न्याय्य व्यापाराची मांडणी या दुखण्यावरची आहे.

तिचे पहिले साधन किमान भाव. ऑगस्ट २०२३पासून धुतलेल्या अरेबिकाला पौंडामागे १.८० डॉलर, बाजारभाव वर गेला तर तो द्यायचा. शिवाय २० सेंट अधिमूल्य उत्पादकांच्या संस्थेकडे जमा होते आणि त्याचा विनियोग सभासद ठरवतात. संस्थेने मागितल्यास खरेदीदाराने कराराच्या किमतीच्या साठ टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ द्यायची असते. माझ्या मते या उचलीचे मोल किमान भावाइतकेच आहे, कारण तोडणीच्या तोंडावर हातात पैसा नसणे हीच दलालाची खरी ताकद.

आपल्याकडच्या हमीभावाशी याची तुलना सुचते, पण ती थोडीच टिकते. हमीभावामागे निदान सरकारी खरेदीची अपेक्षा असते. इथे भाव बांधलेला, खरेदी मात्र ऐच्छिक. प्रमाणपत्र मिळालेल्या संस्थेचा सगळा माल त्या अटींवर विकला जाईलच असे नाही. उरलेला साध्या बाजारभावाने जातो, प्रमाणपत्राचा खर्च मात्र द्यावाच लागतो. द जान्व्री, मॅकिंटॉश आणि सादुले या अर्थशास्त्रज्ञांनी ग्वाटेमालातील सहकारी संस्थांच्या व्यवहारांवरून हे दाखवले: बाजार पडला की किमान भावाच्या ओढीने प्रमाणित माल वाढतो, त्यामुळे त्या भावाने विकल्या जाणाऱ्या मालाचा वाटा घटतो. आधार सर्वांत जास्त हवा असतो तेव्हाच तो पातळ होतो. म्हणून किती शेतकरी प्रमाणित झाले यापेक्षा त्यांचा किती माल न्याय्य अटींवर खपला, हाच आकडा पाहायला हवा.

निर्णयाच्या हक्काबाबत चळवळ पुढे गेली. २०११मध्ये या अटी ठरवणाऱ्या ‘फेअरट्रेड इंटरनॅशनल’च्या आमसभेत उत्पादकांना निम्मी मते मिळाली. पण सभासद शेतकऱ्याच्या रानात तोडणी करणारा भूमिहीन मजूर त्या सभासदांत नसतो. इथिओपिया आणि युगांडातील मजुरांचा लंडनच्या सोआस संस्थेने केलेला अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाणित संस्था असलेल्या भागांत मजुरी अधिक असल्याचे त्यात आढळले नाही.